लोखंडी कामांतील चूक : ती केव्हां, कशी व कोणीं सांगावी

बियाणें घेतांना आपण तें मुठींत घेऊन पाहतों, बैल घेतांना त्याचे दांत मोजतों, आणि जमीन घेतांना तर चार पिढ्यांचे कागद उलगडून बसतों. परंतु लोखंडी अवजार करून घेतांना मात्र रंग चकचकीत आहे, लोखंड जाड दिसतें आहे आणि भाव चार ठिकाणीं विचारून ठरविला आहे, एवढ्यावर आपलें समाधान होतें. त्या अवजाराचीं मापें बरोबर आहेत कीं नाहींत, त्याचे सांधे पक्के आहेत कीं नाहींत, हें पाहण्याचें काम आपण शेतावर सोंपवितों. शेत तें काम चोख बजावतें. पण त्याचा निकाल हंगाम हातचा गेल्यावर लागतो. ह्या बाबतींत मला स्वतःला जो अनुभव आला, तो आमच्या शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें. त्यांत कारखानदाराची चूक आहे तशी माझीही आहे, हें आधींच सांगून टाकतों.

पूर्वीं ही अडचण फारशी नव्हती. लोहार हा गांवचा बलुतेदार. त्यानें घडविलेला फाळ त्याच्या डोळ्यांदेखत चालत असे. फाळ लवकर झिजला अथवा विळ्याला धार बसेना, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं शेतकरी भात्याजवळ हजर! चूक ज्याच्या हातून झाली त्याच्याच कानावर, जिन्नस पुढें ठेवून, ती घातली जात असे. पुढें काळ पालटला. १९०३ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासेल कीं काय, अशी शंका शेतकऱ्यांच्या मनांत होती. ती शंका शेतांतील प्रत्यक्ष कामानेंच फिटली, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडीची वसाहत उभी राहून कारखान्यांत केलेलें अवजार आपल्या शेतींत कायमचें आलें. आज पेरणीयंत्राचा सांगाडा, ट्रॉली, सरी पाडण्याचें अवजार, गोठ्याचें छप्पर असें पुष्कळसें काम तालुक्याच्या गांवीं, रस्त्याच्या कडेच्या वेल्डिंगच्या कारखान्यांत होतें. सोय मोठी झाली, ह्यांत शंका नाहीं. परंतु लोखंड जोडणाऱ्या कारागिरानें शेत पाहिलेलें नसतें, आणि शेतकऱ्यानें कारखान्यांतील काम पाहिलेलें नसतें. दोघांच्या मध्यें मालक, बिल आणि मापाची टेप एवढींच काय तीं उभीं असतात. चूक सांगण्याची जुनी वाट बंद पडली, आणि नवी वाट कोणीं पाडली नाहीं.

आतां माझी हकीकत सांगतों. चार वर्षांपूर्वीं मीं सोयाबिनासाठीं सहा फणांच्या पेरणीयंत्राचा सांगाडा एका कारखान्यांत करावयास टाकला. कारखान्याचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. ओळींतील अंतर ४५ सेंटिमीटर ठेवावयाचें होतें, कारण ट्रॅक्टरमागें चालणारें सहा ओळींचें कोळपें माझ्याजवळ आधींच होतें व तें बरोबर ४५ सेंटिमीटरच्या हिशेबानें केलेलें होतें. मीं मात्र तोंडीं सांगतांना सवयीप्रमाणें "फणांत दीड फूट ठेवा" असें सांगितलें. पेरणी झाली, पाऊस वेळेवर झाला, उगवण उत्तम झाली. विसाव्या दिवशीं कोळपणी सुरू केली, तों उजवीकडची शेवटची ओळ जागोजाग कापली जाऊं लागली. चालक ट्रॅक्टर जपून चालवीत होता. तरीही दर फेऱ्याला सहांतील एका ओळीचीं झाडें आडवीं पडत होतीं. शेवटीं कोळपें सोडून ठेवलें आणि मजूर लावून खुरपणी करावी लागली. त्यांत जो खर्च झाला तो सांगाड्याच्या किंमतीच्या निमपट तरी होता. शिवाय विरळ झालेली ओळ काढणीपर्यंत डोळ्यांपुढें राहिली ती वेगळीच.

मी रागानें कारखान्यांत गेलों आणि मालकास म्हणालों, "तुमचें काम वांकडें आहे." मालक म्हणाला, "आबा, दहा वर्षें हेंच काम करतों आहे. तुमच्या चालकानें पेरणी वांकडी केली असेल." त्यावर मी जें बोललों तें येथें लिहिण्यासारखें नाहीं. त्यानेंही तशाच शब्दांत परतफेड केली. चार माणसांपुढें तमाशा झाला आणि मी हात हलवीत घरीं आलों. थोरल्या बंधूंस हकीकत सांगितली. ते सर्व ऐकून घेऊन म्हणाले, "अरे, वांकडें आहे म्हणतोस, पण किती वांकडें, हें त्याला सांगितलेंस का? तुला तरी ठाऊक आहे का?"

मला तें ठाऊक नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सांगाडा व कोळपें दोन्ही शेजारीं शेजारीं ठेवून मापलीं. सहा फणांत पांच अंतरें. प्रत्येक अंतर ४५० मिलिमीटर धरलें तर पहिल्या फणापासून शेवटच्या फणापर्यंत २,२५० मिलिमीटर भरावयास पाहिजे. कोळप्याचें माप तितकेंच भरलें. सांगाडा मात्र २,२९६ मिलिमीटर भरला. म्हणजे ४६ मिलिमीटरांची, जवळजवळ तीन बोटांची तफावत होती. ती आली कशी, तेंही मग उलगडलें. दीड फूट म्हणजे १८ इंच, आणि एक इंच म्हणजे २५·४ मिलिमीटर. त्या हिशेबानें दीड फूट म्हणजे ४५७·२ मिलिमीटर होतात, ४५० नव्हे. प्रत्येक अंतराला ७·२ प्रमाणें पांच अंतरांत ३६ मिलिमीटर वाढले. ही चूक माझ्या तोंडची होती. उरलेले दहा मिलिमीटर कारखान्यांतले होते. कारागिरानें पहिल्या खुणेवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशी दर वेळीं टेप उचलून पुढें लावून खूण केली होती. खडूची रेघच दोन मिलिमीटर जाड. ती दर वेळीं थोडी पुढें गेली आणि पांच वेळां मिळून एक सेंटिमीटर पदरांत पडला. ट्रॅक्टरला जोडण्याचा मध्य डाव्या टोंकाच्या फणापासून मोजून बसविला होता, म्हणून सगळी चूक उजव्या टोंकाला जाऊन साचली. कोळप्याच्या फाशीची कड व पिकाची ओळ ह्यांत ७५ मिलिमीटर मोकळी जागा असावयाची, तेथें शेवटच्या ओळीपाशीं जेमतेम २९ मिलिमीटर उरली होती. ट्रॅक्टर तीन सेंटिमीटर हलला कीं झाड गेलें. इतका सरळ ट्रॅक्टर कोणताही चालक हांकूं शकत नाहीं.

सांगाडा व कोळपें ट्रॉलीवर घालून मी पुन्हा कारखान्यांत गेलों. ह्या वेळीं 'वांकडें' हा शब्द उच्चारला नाहीं. दोन्ही जिन्नस जमिनीवर ठेविले, टेप मालकाच्याच हातीं दिली, आणि एवढेंच म्हणालों, "तुम्हीच मापा. ह्यांतले ३६ मिलिमीटर माझे आहेत, दहा तुमचे आहेत." मालकानें मापलें. आदल्या दिवशीं माझ्यावर धांवून येणारा तोच मनुष्य, पण त्यानें टेप गुंडाळली आणि म्हणाला, "भोकें भरून नवीं पाडून देतों, आबा. चहा घ्या." आंकड्यापुढें भांडण टिकत नाहीं, हें मी त्या दिवशीं शिकलों.

परंतु खरा धडा त्याच्या पुढचा आहे. काम चालू असतां मी चहाच्या टपरीवर बसलों होतों. तेथें कारखान्यांतील एक वीस-बावीस वर्षांचा वेल्डर माझ्याजवळ आला व हळूच म्हणाला, "आबा, शेवटच्या फणाचें भोक पाडतांना चॅनेलचें टोंक कमी उरलें, तेव्हांच मला शंका आली होती."

"मग बोलला कां नाहींस?"

"मागच्या खेपेस एका दरवाजाचें माप चुकल्याचें मींच जाऊन सांगितलें, तर वायां गेलेल्या लोखंडाचे पैसे माझ्या हिशेबांतून कापले. जो सांगतो त्याचीच चूक ठरते, आबा."

हें उत्तर ऐकून मी चकित झालों. सोयाबिनाची माझी ओळ शेतांत कापली जाण्याच्या दोन महिने आधीं, ती कापली जाणार हें एका माणसाला ठाऊक होतें! त्यानें तोंड उघडलें असतें तर फडक्यानें खडूच्या खुणा पुसून नव्या करण्यापलीकडे कांहींच खर्च नव्हता. तो निष्काळजी नव्हता, आळशी नव्हता. उलट त्याची नजर मालकाहून तीक्ष्ण होती. पण बोलण्याची किंमत त्याच्या पगारांतून जात होती, आणि न बोलण्याची किंमत माझ्या शेतांतून. अशा व्यवस्थेंत मनुष्य गप्प बसला तर नवल काय?

जपानांत साकिची तोयोदा ह्या गृहस्थानें १९२४ सालीं एक स्वयंचलित माग तयार केला. त्याची मोठी करामत ही, कीं सूत तुटलें कीं तो माग आपोआप थांबे. सूत तुटूनही माग चालूच राहिला, तर वारच्या वार कापड सदोष निघे. थांबणारा माग हा आळशी माग, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु थांबल्यामुळेंच त्याचें कापड निर्दोष निघे. पुढें त्याच घराण्यानें मोटारींचा कारखाना काढला, तेथें कामगारालाही तोच अधिकार दिला गेला : दोष दिसला कीं दोरी ओढावी आणि काम थांबवावें. आपल्या तालुक्याच्या कारखान्यांत दोरी नको आहे. पण सूत तुटलें हें सांगणाऱ्या माणसाला शिक्षा होऊं नये, एवढें तरी पाहिजे.

म्हणून पुढच्या वर्षीं ट्रॉली करावयाची ठरली, तेव्हां मी त्याच कारखान्यांत गेलों. पुष्कळांनीं मला वेड्यांत काढलें. पण ज्या कारखान्याच्या चुका आपणांस ठाऊक झाल्या, तो अनोळखी कारखान्यापेक्षां बरा, असें माझें मत आहे. ह्या वेळीं सर्व मापें मिलिमीटरांत कागदावर लिहून दिलीं. त्या कागदाखालीं मालकाच्या संमतीनें दोन कलमें घातलीं. पहिलें असें, कीं नुसते टाके मारून सांगाडा उभा झाला म्हणजे मला बोलवावें, आणि मीं मापून पाहिल्यावरच पक्कें वेल्डिंग करावें. दुसरें असें, कीं रंग लागण्यापूर्वीं कोणीही कामगारानें चूक दाखविली, तर तिच्या दुरुस्तीचा खर्च मालक व मी निम्मा निम्मा सोसूं. कामगाराच्या पगारास हात लागूं नये. मालक हंसला, पण त्यानें सही केली.

ह्या दुसऱ्या कलमाची परीक्षा लवकरच झाली. उसाचा हंगाम सुरू झाला होता. तोडणीची टोळी माझ्या फडांत उतरलेली, आणि ट्रॉली उद्यां मिळावयाची. संध्याकाळीं मी कारखान्यांत गेलों, तों ट्रॉलीच्या दांडीवरील वेल्डिंगची खपली ठोकून काढतांना त्याच मुलास कडीच्या पत्र्यापाशीं केसाएवढी रेघ दिसली होती. मालक म्हणाला, "वरून आणखी एक फेर मार आणि रंग दे. आबांची टोळी बसून आहे." मुलगा म्हणाला, "शेठ, वरून फेर मारला तर रेघ दिसणार नाहीं, पण जाणार नाहीं." मालकाचा चेहरा उतरला आणि त्यानें माझ्याकडे पाहिलें.

येथें माझी दुसरी चूक कबूल करतों. मीही म्हणालों, "बघा बुवा, उद्यां ट्रॉली तर मिळाली पाहिजे." शेतांत उभा ऊस, टोळीची खोटी, कारखान्याची तोडणीची पाळी, हें सर्व एका क्षणांत डोळ्यांपुढें उभें राहिलें. मुलगा कांहीं वेळ गप्प राहिला. मग हातांतील हातोडी खालीं ठेवून तो म्हणाला, "आबा, कागदावर तुम्हींच लिहून दिलें आहे." मी शरमलों. त्या दांडीवर कित्येक टन ऊस ओढला जाणार, ती ट्रॉली घाटाच्या रस्त्यानें जाणार, आणि तिच्या मागून सायकलवर शाळेचीं मुलें येणार, हें मला त्या मुलाच्या बोलण्यानें आठवलें.

मग त्यानें एक जुनी युक्ती केली, ती प्रत्येक शेतकऱ्यानें लक्षांत ठेवावी. जागा घासून स्वच्छ केली, तिच्यावर रॉकेल लावलें व अर्धा तास मुरूं दिलें. नंतर वरचें रॉकेल फडक्यानें कोरडें पुसून त्यावर पांढरा खडू चोळला. सांधा अखंड असता तर खडू कोरडा राहता. पण चिरेंत मुरलेलें रॉकेल हळूहळू वर आलें आणि पांढऱ्या खडूवर ओलसर काळी रेघ उमटली, चांगली चार बोटें लांब! मालकानेंही ती पाहिली व तो स्वतःच ग्राइंडर उचलून आला. सांधा कापला, तेव्हां आंत वेल्डिंगचा मळ तसाच अडकून राहिलेला निघाला. रॉकेल पुसून जागा पुरती कोरडी केल्यावर सांधा नव्यानें भरला. ट्रॉली तीन दिवस उशिरां मिळाली. तेवढे दिवस मला शेजाऱ्याची ट्रॉली भाड्यानें घ्यावी लागली, आणि दुरुस्तीचा निम्मा खर्चही कागदाप्रमाणें दिला. तो पैसा मला एकदाही जड वाटला नाहीं. ती ट्रॉली आज तिसऱ्या हंगामांत चालू आहे.

ह्या अनुभवावरून जे नियम मीं स्वतःपुरते बांधले आहेत, ते येथें देतों.

१. माप नेहमीं एकाच मानांत द्यावें. आपल्याकडील कारखान्यांत सूत, इंच व मिलिमीटर हीं तिन्हीं मानें एकत्र नांदतात. आठ सूत म्हणजे एक इंच. म्हणजे एक सूत सुमारें ३·२ मिलिमीटर झालें. एकानें सुतांत सांगावें व दुसऱ्यानें मिलिमीटरांत कापावें, ह्यांत चूक ठेवलेलीच. सर्व मापें मिलिमीटरांत, कागदावर आणि शक्य तर आकृतीसह द्यावीं.

२. सर्व खुणा एकाच टोंकापासून मोजाव्या. ४५०, ९००, १,३५०, १,८००, २,२५० अशा एकाच टेपेवर, टेप न उचलतां केल्या म्हणजे चुकीवर चूक चढत नाहीं. टेपेच्या टोंकाची आंकडी आपल्या जाडीएवढी सैल असते, ती मुद्दाम तशी केलेली असते. पण ती वांकलेली असल्यास १०० मिलिमीटरच्या खुणेपासून मोजून शेवटीं १०० वजा करावे.

३. चौकट गुण्यांत आहे कीं नाहीं हें कर्णांवरून पाहावें. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून दोन्ही कर्णही सारखे भरले, तर चौकट काटकोनांत आहे. एकच कोपरा पाहावयाचा असल्यास एका बाजूवर ९०० व दुसरीवर १,२०० मिलिमीटरवर खूण करावी. मधलें तिरपें अंतर १,५०० भरलें पाहिजे.

४. टाक्यांच्या वेळीं स्वतः हजर राहावें. वेल्डिंग निवतांना आकसतें व लोखंडास आपल्याकडे ओढतें. म्हणून चांगला कारागीर आधीं सगळीकडे टाके मारून मापतो आणि मग आलटून पालटून दोन्ही बाजूंनीं भरतो. टाका ग्राइंडरनें क्षणांत सुटतो. भरलेला सांधा कापावयास अर्धा दिवस लागतो. रंगावर चूक कळली तर सगळें काम फुकट, आणि शेतांत कळली तर हंगाम.

५. जेथें जिवाचा प्रश्न आहे, म्हणजे ट्रॉलीची दांडी, कडी, आंसाचा सांधा, तेथें रंगापूर्वीं रॉकेल-खडूची परीक्षा घ्यावी. ठिणगी व आग जवळ नसावी, आणि जागा पूर्ण कोरडी झाल्याखेरीज पुन्हा वेल्डिंग करूं नये.

६. चूक सांगतांना विशेषणें वापरूं नयेत, आंकडे वापरावे. "काम भिकार आहे" असें म्हटल्यानें कारागिराचा अपमान होतो व चूक जागच्या जागीं राहते. "येथें ४५० पाहिजे, ४६० आहे" असें म्हटल्यानें अपमान कोणाचाच होत नाहीं. जिन्नस पुढें ठेवून, टेप त्याच्याच हातीं देऊन बोलावें. आपली चूक असेल तर ती आधीं कबूल करावी.

७. ज्या कामगारानें चूक दाखविली, त्याचें नांव मालकापुढें चांगल्या शब्दांत घ्यावें. हें शेवटचें कलम सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत कमी पाळलें जातें.

इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ ह्यानें १८४१ सालीं सर्व कारखान्यांनीं नटबोल्टचे आटे एकाच मानाचे करावे, अशी सूचना मांडली. त्यापूर्वीं एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेलच, असा नेम नव्हता. आपल्या देशांतही १९४७ सालीं भारतीय मानक संस्था स्थापन झाली, आणि पुढें दशमान मापें कायद्यानें आलीं. मापाची एकवाक्यता ही अशा रीतीनें सरकारी पातळीवर झालेली आहे. कारखान्याच्या उंबऱ्यापाशीं ती आपणच न्यावयाची आहे. प्रत्येक सोसायटीनें आपल्या कचेरींत एक चांगली पोलादी पट्टी व एक गुण्या ठेवावा आणि सभासदांनीं नवें अवजार ताब्यांत घेण्यापूर्वीं तीं नेऊन माप पाहावें, अशी माझी सूचना आहे. खर्च थोडा आहे.

असो. त्या कारखान्यांत आतां भिंतीवर एक पोलादी पट्टी टांगलेली आहे, आणि शंका आली तर हात थांबवावा, असें मालकानें मुलांना सांगून ठेवलें आहे. दोष काढणारा मनुष्य हा कामाचा शत्रू, ही समजूत आपण शेतकऱ्यांनीं तरी सोडून द्यावी. बांधावरून चालतांना कोणी वाटसरू "पाटील, तुमचा बांध फुटला आहे" असें ओरडून सांगतो, तेव्हां आपण त्याच्यावर रागावत नाहीं. फावडें घेऊन धांवतों. लोखंडी कामांतही रीत तीच असावी.